वाचकांचे प्रश्न : माया लोकांचं कॅलेंडर संपलं म्हणजे नक्की काय संपलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याच्या वर एकाच विषयावरचे निघाले. सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय म्हणे, त्यात सांगितलंय की माया लोकांनी जगाच्या शेवटाची तारीख दिलेली, ती २०१२ ला आली असं वाटलं पण हिशेब चुकला होता, खरी तारीख अजून यायचीय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि हेच घेतोय, कारण काही पत्रं वाचून मलाच रात्री झोप लागली नाही.

सर, माझा मुलगा सातवीत आहे. तो व्हिडिओ बघितल्यापासून पंधरा दिवस झाले नीट झोपत नाहीये, रात्री दोनदा उठून मला हात लावून बघतो. मी म्हणते काही होत नसतं रे, पण मलाच त्यातलं काही माहीत नाही तर तो माझं कसं ऐकणार? खरं काय आहे ते सांगा. – एक आई, तासगाव

ताई, आधी एक करा, त्याला घाबरट म्हणू नका आणि घरात कुणाला म्हणू देऊ नका. २०१२ साली मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. २१ डिसेंबरला शुक्रवार होता. मधल्या सुट्टीत नववीतल्या एका मुलीनं डबा उघडलाच नाही, विचारलं तर म्हणाली, सर, मी काल आईला सांगितलं उद्या शेवटचा दिवस आहे म्हणून, तर तिनं आज गोड करून दिलंय, मला खाववत नाही. पोरीच्या डोळ्यात पाणी होतं. सुट्टीनंतर मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर जे लिहिलं तेच तुम्हाला लिहितो, तुम्ही त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा.

माया लोक दिवस मोजायचे. मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, बेलीझ या बाजूचे हे लोक, आणि त्यांची मोजणी विसाच्या पटीत. आपल्याकडं पण जुन्या बायका तीन इसा, चार इसा असंच मोजायच्या की, तसंच. एक दिवस म्हणजे किन, वीस किनांचा एक विनाल, आणि इथं फक्त वीसच्या ऐवजी अठरा घेतात, अठरा विनालांचा एक तुन म्हणजे ३६० दिवस, वर्षाच्या जवळपास यावं म्हणून. वीस तुनांचा कातुन, ७,२०० दिवस. वीस कातुनांचा बक्तुन, १,४४,००० दिवस. त्यांनी या मोजणीचा पहिला दिवस धरला तो आजच्या कॅलेंडरनं इसवी सनापूर्वी ३११४ च्या ११ ऑगस्टला येतो आणि तिथून तेरा बक्तुन, म्हणजे १८,७२,००० दिवस, साधारण ५,१२५ वर्षं, पूर्ण झाली ती २१ डिसेंबर २०१२ ला. त्या दिवशीची त्यांची तारीख, बक्तुन, कातुन, तुन, विनाल, किन या क्रमानं लिहिलेली, १३.०.०.०.०. आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी १३.०.०.०.१. झालं एवढंच.

आपल्याकडं साठ संवत्सरं आहेत ना, गुढीपाडव्याला पंचांगात वाचतात ती? साठाव्याचं नाव माहितीय का, क्षय. शके १९०८ ला, म्हणजे १९८६ च्या पाडव्याला क्षय संवत्सर लागलं होतं, नाव इतकं भीतीदायक असूनही कुणी घरदार सोडून पळालं नाही, सगळ्यांनी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, कारण लहान पोराला पण ठाऊक होतं की पुढच्या पाडव्याला प्रभव येणार आणि साठाची फेरी परत पहिल्यापासून. माया माणसाला तेरावा बक्तुन असाच होता. मोठा दिवस, मान द्यायचा दिवस. पण फेरी पुढं चालू.

आता कुणी म्हणेल ही तुमची समजूत, त्यांनी काय लिहिलंय? तर हे बघा. त्यांच्या हजारो कोरीव लेखांत २०१२ च्या त्या तारखेचा उल्लेख दोनच ठिकाणी सापडलाय. एक मेक्सिकोतल्या तोर्तुगेरोचा सातव्या शतकातला दगड. ती जागा सिमेंट कारखान्यापायी पार मोडली, दगडही तुटलेला, आणि त्यावर इतकंच वाचता येतं की तेरावा बक्तुन पूर्ण होईल तेव्हा बोलोन योक्ते नावाचा देव खाली उतरेल. जग बुडेल, जळेल असं एक अक्षर नाही, आपल्याकडं मोठ्या पर्वणीला देव येतो म्हणतात तसं आहे ते. दुसरा उल्लेख ग्वाटेमालात ला कोरोनाला पायरीच्या दगडावर, तो २०१२ मध्येच उजेडात आला. त्यात कालाकमुलचा राजा इसवी सन ६९६ ला तिथं येऊन गेल्याची नोंद आहे. हा राजा आदल्याच वर्षी तिकालकडून लढाई हरला होता, मित्र गावं बिथरली असणार, म्हणून फिरून सगळ्यांना धीर देत होता आणि आपलं राज्य किती टिकाऊ आहे हे दाखवायला त्यानं स्वतःचं नाव लांब भविष्यातल्या त्या तारखेशी जोडलं. मला हे वाचून फार वाटलं. जी तारीख त्यानं लोकांना धीर द्यायला वापरली त्याच तारखेनं तेराशे वर्षांनी आमच्या वर्गातल्या पोरीचा घास अडवला.

आणि अजून एक. पालेंकेला पाकाल नावाचा राजा होऊन गेला, बारा वर्षांचा असताना इसवी सन ६१५ ला गादीवर बसला. त्याच्या मंदिरातल्या लेखात त्याच्या राज्यारोहणाची पुढची एक वर्षगाठ मोजून ठेवलीय, ती येते २१ ऑक्टोबर ४७७२ ला. ज्यांना २०१२ ला जग संपणार असं वाटत होतं ते ४७७२ चा सण कशाला मोजून ठेवतील? हे तुमच्या मुलाला आवर्जून सांगा, पोरांना हे लगेच पटतं.

राहिली ती "हिशेब चुकला" ची गोष्ट. ती २०२० मध्ये पण फिरली होती, २१ जूनच्या सूर्यग्रहणाला जोडून, लॉकडाऊनमुळं लोक आधीच धास्तावलेले त्यात ही भर. त्यात म्हटलं होतं की युरोपात जुनं कॅलेंडर जाऊन नवं आलं तेव्हापासून दर वर्षी ११ दिवस गळाले, २६८ वर्षांचे मिळून आठ वर्षं झाली, म्हणून २०१२ म्हणजे खरं २०२०. हे साफ खोटं. इंग्लंडनं १७५२ साली ११ दिवस गाळले ते एकदाच, २ सप्टेंबरनंतर डायरेक्ट १४ सप्टेंबर. तुम्ही भिंतीवरचं घड्याळ एकदा दहा मिनिटं पुढं केलं म्हणून ते काय रोज दहा मिनिटं पुढं पळतं का? आणि मुळात माया मोजणी एकेक दिवसाची आहे, तिचा युरोपच्या कॅलेंडरशी संबंधच नाही, २१ डिसेंबर ही तारीख नव्या कॅलेंडरनुसारच काढलेली होती.

ताई, रात्री तो उठला तर दामटून झोपवू नका, दोन मिनिटं गच्चीवर न्या, आकाश दाखवा, आणि रोज सकाळी वहीत एक रेघ मारायला सांगा, माया लोक मोजायचे तसं, आज एक दिवस झाला म्हणून. आमच्या वर्गानं हे केलं होतं, त्या मुलीनं तर वही वर्षभर चालवली. तरी महिन्याभरात झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या वेळी नासातले शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांना जगभरातून हजारो प्रश्न यायचे, त्यांनी सांगितलंय की काही मुलांनी जीव द्यायचे विचार लिहून पाठवले होते. इतकी ही भीती खरी असते, म्हणून मी हलक्यात घेऊ नका म्हणतोय.

सर, माया म्हणजे आपल्या महाभारतातला मयासुर ना? त्यांची सुरुवात इ.स.पू. ३११४ आणि आपलं कलियुग इ.स.पू. ३१०२, फक्त बारा वर्षांचा फरक, हा योगायोग कसा असेल? – कॉलेज विद्यार्थी, कराड

प्रश्न चांगलाय आणि बारा वर्षांचा फरक खराय, म्हणून जरा नीट सांगतो. या दोन्ही तारखा त्या दिवशी बसून कुणी लिहिलेल्या नाहीत. नंतरच्या लोकांनी मागं मोजत जाऊन काढलेल्या आहेत. आर्यभटानं लिहिलंय की साठ वेळा साठ वर्षं, म्हणजे कलियुगाची ३,६०० वर्षं झाली तेव्हा माझं वय २३ होतं, ते साल इसवी सन ४९९ येतं. आपल्या ज्योतिर्विदांनी सगळे ग्रह एकत्र येण्याची वेळ गणितानं मागं नेत नेत ती सुरुवात ठरवली. तिकडं या लांब मोजणीची सापडलेली सगळ्यात जुनी नोंद इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली, म्हणजे आरंभ मानलेल्या दिवसानंतर तीन हजार वर्षांनी कोरलेली. शिवाय कलियुग ४,३२,००० वर्षांचं आणि तेरा बक्तुन ५,१२५ वर्षांचे, दोन्ही मापांचा मेळच बसत नाही. नावाचं म्हणाल तर माया हा शब्द युकातान भागातला, तिथल्या मायापान या जुन्या शहराच्या नावात तो आहे, आणि ते लोक स्वतःला आजही किचे, काकचिकेल अशा आपापल्या नावानं ओळखतात. मयसभेची गोष्ट सुंदर आहे, ती आपल्या जागी राहू दे.

खरं आश्चर्य मला वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. एकमेकांची गाठ नसलेल्या दोन समाजांनी, दोन्हीकडं शून्य शोधून काढलं, दोन्हीकडं शुक्राचा हिशेब ठेवला. शुक्र ५८४ दिवसांनी परत त्याच स्थितीत येतो, त्याच्या पाच फेऱ्या म्हणजे २,९२० दिवस म्हणजे बरोब्बर ३६५ ची आठ वर्षं, ही कोष्टकं माया लोकांच्या पोथीत आहेत, ती पोथी आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. कराडला प्रीतिसंगमावर पहाटे शुक्राची चांदणी बघितलीस तर हे आठव, तीच चांदणी बघून त्यांनी मोजलंय.

गुरुजी, येवढं हुशार लोक होतं तर सोताचा नाश त्येंना कसा कळला न्हाई? – एक शेतकरी, म्हसवड

आबा, या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. तुम्ही माणमधले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

२०१२ साल आठवतंय ना. माण, खटाव, तिकडं आटपाडी, जत, पाऊसच नाही, चारा छावण्या पडलेल्या. त्याच डिसेंबरात आम्ही पोरांना घेऊन एका छावणीवर कडबा द्यायला गेलो होतो, पोरं वाटेत टेंपोत तेच बोलत होती, जग बुडणार, जग बुडणार. छावणीतल्या एका म्हाताऱ्यांनी ते ऐकलं. बैलाच्या तोंडावरनं हात फिरवत ते म्हणाले, "बुडाया पानी लागतंय पोरांनु." नंतर कुणीच काही बोललं नाही.

माया लोकांचं असंच झालं. इसवी सन ८०० ते ९०० च्या दरम्यान दक्षिणेकडची त्यांची मोठमोठी शहरं एकामागून एक ओस पडली. कारणं एक नाही, राजाराजांची भांडणं, जंगलतोड, वाढलेली माणसं, पण तळ्यांच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्यांना तिथं त्या काळातल्या लांबलचक दुष्काळांच्या खुणा मिळाल्यात. आणि हे लोक पाण्याला जपणारे होते बरं का, तिकालसारख्या शहरात पावसाचं पाणी धरायला मोठे तलाव बांधलेले, घराघराजवळ खडकात खोदलेले हौद. एखादं वर्ष कोरडं गेलं तर निभायचं, ओळीनं गेली की कसं निभणार, हे १९७२ ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. लांब मोजणीतली शेवटची कोरलेली तारीख तोनिना इथली, इसवी सन ९०९ ची. कोरून घेणारा राजाच उरला नाही तर पाथरवट काय करणार.

म्हणजे आबा, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. विहिरीचं पाणी खाली जाताना दिसतं की. पण ते कॅलेंडरात लिहून ठेवायची गोष्टच नव्हती. आमची आजी पाटणची, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, ती म्हणायची त्या दिवशी पंचांगात काय होतं ते मी कधी बघितलं नाही, मी फक्त लेकरं बाहेर काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची खूण ४५ फुटांची आहे, तिथं पण लोक पुलावरचा आकडा बघत होते आणि तोच आकडा कामी आला.

आणि ते लोक संपले हे पण अर्धंच खरं आहे. शहरं ओस पडली, माणसं राहिली. नंतर स्पॅनिश आले, १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांडा नावाच्या पाद्र्यानं त्यांच्या पोथ्या जाळल्या, आज पुऱ्या जगात चारच उरल्यात. इतकं होऊनही आज लाखो माया लोक आहेत, मका लावतात, आपापल्या भाषा बोलतात, आणि ग्वाटेमालाच्या डोंगरात दिवस मोजणारे जाणते अजून २६० दिवसांची फेरी मोजतायत. त्यांची आजची मोजणी आणि जुन्या दगडांवरचा हिशेब एकमेकांशी जुळतो, म्हणून तर आपल्याला या तारखा काढता येतात. आपल्या व्हिडिओंमध्ये मात्र हे लोक कधीच दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हिडिओत जो गोल कोरीव दगड दाखवतात, मध्ये जीभ काढलेला चेहरा, तेच माया कॅलेंडर का? – वाचक, मिरज

नाही, तो अझ्टेक लोकांचा सूर्यदगड. मेक्सिको सिटीत १७९० साली सापडला, तिथल्याच म्युझियममध्ये आहे. माया लोकांपेक्षा वेगळे लोक, काळही नंतरचा. व्हिडिओ बनवणाऱ्याला दगडसुद्धा नीट माहीत नाही यावरून बाकीचं काय ते समजा.

आमच्या कॉलनीत एकजण या संकटासाठी घरटी शांती करून घ्या म्हणतोय, पैसे बरेच सांगतोय. सासूबाई तयार आहेत. काय करू? – गृहिणी, सातारा

पैसे देऊ नका. सासूबाईंशी मात्र भांडू नका, त्यांना १९६२ ची अष्टग्रही विचारा, वयानं मोठ्या असतील तर आठवत असेल. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह आले म्हणून देशभर लोकांनी जग बुडणार म्हणून यज्ञ केले, त्यात ५ तारखेला सूर्यग्रहण पण होतं, आणि सहा तारखेला सगळे कामाला गेले. निबिरु नावाचा ग्रह आदळणार ही गोष्ट पण आधी २००३ ची म्हणून सांगितली, तेव्हा काही आलं नाही म्हणून २०१२ ला ढकलली. येणारा ग्रह असता तर कितीतरी महिने आधी नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, आयुष्यभर त्यांनी हेच समजावलं आणि २०१३ ला त्यांचा खून झाला, त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भीती घालून कुणी पैसे मागत असेल तर सरळ पोलिसांना कळवा, चार शेजारणींना बरोबर घेऊन जा.

काका, मी आठवीत आहे. माझा जन्म २१ डिसेंबर २०१२ चा आहे. वर्गात सगळे मला प्रलय म्हणतात. माझी तारीख वाईट आहे का? – साताऱ्याची एक मुलगी

बाळा, तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण तुला निवांत उत्तर द्यायचं होतं.

तुझ्या जन्माच्या दिवशी माया मोजणीत १३.०.०.०.० होतं. पुढचा बक्तुन भरायला २४०७ सालचा मार्च उजाडावा लागेल, म्हणजे असा दिवस जवळपास चारशे वर्षांत एकदा येतो. माया लोकांत प्रत्येक दिवसाला दोन नावं असतात, आपल्याकडं वार आणि तिथी असते तसं. एक नाव २६० दिवसांच्या फेरीतलं, तेरा आकडे आणि वीस नावं एकत्र फिरून ती होते, आणि दुसरं ३६५ दिवसांच्या फेरीतलं. तुझा दिवस पहिल्या फेरीत ४ अहाव आणि दुसऱ्या फेरीत ३ कान्किन. अहाव या शब्दाचा अर्थ राजा, स्वामी. वर्गात कुणी प्रलय म्हणालं तर हे सांग.

तुझा तेरावा वाढदिवस २१ डिसेंबर २०२५ ला झाला, तोपर्यंत तू ४,७४८ दिवस जगली होतीस, माया हिशेबानं ती तारीख १३.०.१३.३.८ आणि नाव ७ लामात. वर ज्या पाकाल राजाची ४७७२ सालची वर्षगाठ सांगितली ना, तो दिवस पण लामातच आहे, ५ लामात. वहीत २०-२० दिवसांचे कप्पे पाडून मोजून बघ, मी फळ्यावर दोनदा पडताळून बघितलंय पण तू स्वतः कर, अठरा कप्पे झाले की तुन होतो हे विसरू नको.

दोन्ही नावं एकदम परत जुळायला १८,९८० दिवस लागतात, ३६५ च्या हिशेबानं ५२ वर्षं. आपल्या लीप वर्षांमुळं तेरा दिवस आधी येतं, म्हणजे ४ अहाव ३ कान्किन हा तुझाच दिवस परत येणार ८ डिसेंबर २०६४ ला. तोपर्यंत वही जपून ठेव.